हत्ती कोणाचा होता?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या नेक्रोपोलिस या जुन्या दफनभूमीत, टेकडीच्या माथ्याजवळ, एक गोल दगडी इमारत उभी आहे. पहिल्या नजरेला ती थडगे वाटतच नाही. एखाद्या फार जुन्या चर्चचा मूळ वास्तूपासून सुटून वेगळा राहिलेला भाग वाटतो. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, कमानींवर ओळीने कोरलेली नक्षी आणि मधूनच डोकावणारे विचित्र चेहरे. जेरुसलेममधल्या ख्रिस्तसमाधीच्या चर्चचा नमुना समोर ठेवून डेव्हिड कझिन या वास्तुरचनाकाराने ती 1842 च्या सुमारास उभारली. आत ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मेजर असलेले आर्चिबाल्ड डग्लस मॉन्टीथ आहेत. आमच्या वयस्क वाटाड्याने हे सगळे सांगून झाल्यावर आवाज किंचित खाली आणला आणि म्हणाला, “असे म्हणतात की मेजरसाहेबांनी हिंदुस्थानात कुठल्याशा महाराजाचा हिऱ्यामाणकांनी लादलेला हत्ती पकडला, आणि तिथून त्यांचे नशीब उघडले.” सगळे हसले. गोष्ट तशी हसण्यासारखीच होती. मग त्याची नजर माझ्यावर पडली, त्या घोळक्यातल्या एकमेव हिंदुस्थानी चेहऱ्यावर, आणि तो घाईने म्हणाला, “अर्थात, ही आपली दंतकथा हं.” एवढे बोलून तो पुढच्या थडग्याकडे वळलासुद्धा.

मला राग आला नव्हता. त्या भल्या माणसाच्या मनात काही वाकडे असेल असेही वाटले नाही. परंतु पुढचा तासभर तो हत्ती काही केल्या डोक्यातून जाईना. गोष्टीत मेजरला नाव होते, हुद्दा होता, वास्तुरचनाकार होता. महाराजाला नाव नव्हते, गावाला नाव नव्हते, आणि हत्तीवरचा माहूत तर गोष्टीत आलाच नव्हता. गंमत अशी की ज्या इमारतीपाशी ही गोष्ट सांगितली गेली तिच्याभोवती फिरून पाहिले, तर मेजरचेही नाव मला कुठे कोरलेले दिसले नाही. या टेकडीवर नाव कोरण्याची हौस इतकी दांडगी, की कोळसा, लोखंड, कापूस आणि साखर यांच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या सद्गुणांच्या याद्या दगडावर पोटभर लिहून ठेवल्या आहेत. त्या गर्दीत सगळ्यात भारदस्त इमारतींपैकी एक अशी मुकी.

आपल्याकडच्या वाचकाला हत्ती आणि स्कॉटिश सैनिक हे दोन शब्द एकत्र ऐकले की असईची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जालना जिल्ह्यातले ते गाव, 23 सप्टेंबर 1803 चा दिवस, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा, आणि समोर वेलस्लीचे सैन्य. त्या सैन्यात 74 आणि 78 क्रमांकाच्या दोन हायलंडर पलटणी होत्या. 74 व्या पलटणीची त्या दिवशी शिंद्यांच्या तोफांपुढे अक्षरशः चाळण झाली, आणि त्या पराक्रमाची खूण म्हणून तिला हत्तीचे चिन्ह मिळाले. पुढे 1881 मध्ये ती पलटण दुसऱ्या एका पलटणीत मिसळून हायलंड लाइट इन्फंट्री तयार झाली, जिला ग्लासगोची माणसे आपली घरची पलटण मानीत. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात तळाशी एक छोटा हत्ती आणि ‘असई’ हे नाव असे. दोन महायुद्धांत पडलेल्या त्या पलटणीच्या जवानांच्या समाधीशिळांवर आजही तो बिल्ला कोरलेला दिसतो. ग्लासगोच्या गल्लीबोळांतून भरती झालेल्या, भोकरदन-जाफराबाद कुठे आहे हे स्वप्नातही ठाऊक नसलेल्या पोराच्या डोक्याशी आपल्या मराठवाड्यातल्या एका खेड्याचे नाव. मॉन्टीथच्या हत्तीचा या हत्तीशी काही संबंध आहे असे मी म्हणत नाही; तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण एकदा का हा बिल्ला पाहिलेला असला, की त्या टेकडीवर ‘कुठल्याशा महाराजाचा’ हे शब्द ऐकताना माणूस इतरांसारखा हलका राहू शकत नाही.

ही टेकडी मुळात धर्मसंस्थेची नव्हे, व्यापाऱ्यांची. ग्लासगोच्या मर्चंट्स हाऊस या व्यापाऱ्यांच्या मंडळाने 1650 मध्ये ही जमीन विकत घेतली. खाली कॅथेड्रल, मधून वाहणारा मोलेंडिनार नावाचा ओढा आणि पलीकडे हा काळ्या कठीण कातळाचा उंचवटा. त्यावर पुढे फरची झाडे लावली गेली, म्हणून लोक त्याला फर पार्क म्हणत. एका बाजूने खडी काढण्यासाठी तो फोडलाही जात होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांनी आणि कारखान्यांनी ग्लासगोची वस्ती अशी फुगवली की चर्चच्या आवारांत पुरायला जागा उरेना. त्यातच वैद्यकीय शाळांना मुडदे पुरवणाऱ्या चोरांची दहशत. एडिंबरात माणसे मारून मुडदे विकणाऱ्या बर्क आणि हेअर यांचे प्रकरण 1828 मध्ये उघडकीला आल्यावर तर लोक आप्तांच्या कबरींवर लोखंडी पिंजरे ठोकू लागले. पॅरिसमध्ये पेर लाशेझ ही बागेसारखी दफनभूमी 1804 पासून नावारूपाला आली होती. ‘आपल्या टेकडीवर तसेच काही का करू नये?’ हा विचार व्यापाऱ्यांच्या मंडळात मूळ धरू लागला. जॉन स्ट्रँग नावाच्या लिहित्या गृहस्थाने 1831 मध्ये त्यासाठी एक पुस्तकच लिहिले. सुंदर दफनभूमी लोकांची नीती आणि अभिरुची सुधारते, असा त्याचा युक्तिवाद होता. मला त्यातला भाबडेपणा आवडतो. पण मंडळाच्या बैठकीत मते वळवण्यासाठी नीतीइतकाच हिशेबही कामी आला असणार, कारण फरची मरू लागलेली झाडे काही उत्पन्न देत नव्हती आणि कायमच्या मालकीने विकलेली कबरीची जागा देणार होती.

व्यापारी मनाची एक चांगली बाजूही इथे दिसते. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला जागा मिळेल, मग तो कोणत्याही पंथाचा असो, हा नियम पहिल्यापासून होता. त्यामुळे या ख्रिस्ती शहराच्या दफनभूमीतले पहिले दफन एका ज्यू माणसाचे झाले. 1832 च्या सप्टेंबरात, पटकीच्या साथीत गेलेल्या जोसेफ लेव्हीचे. दफनभूमी रीतसर खुली व्हायला अजून काही महिने होते. ज्यू समाजाने टेकडीच्या वायव्येकडचा, अगदी पायथ्याचा एक चिमुकला कोपरा विकत घेतला होता. तिथे जेरुसलेमजवळच्या अब्सालोमच्या स्तंभावरून बेतलेला एक खांब आणि कमान आहे, आणि बायरनच्या कवितेतल्या ओळी. कोपरा लवकरच भरून गेला आणि पुढची दफने दुसरीकडे गेली. माथ्यावरच्या भव्य थडग्यांकडे धावणाऱ्या लोकांना तो दिसतही नाही. व्यवहार सर्वांना खुला होता हे खरे, आणि पायथा स्वस्त होता हेही खरे.

आत जाण्याचा मूळ मार्ग ओढ्यावरून आहे. डेव्हिड हॅमिल्टनने 1833-34 मध्ये तो पूल बांधला. शवयात्रा त्यावरून जात म्हणून लोकांनी त्याला उसाशांचा पूल हे व्हेनिसचे नाव दिले. आता त्याखाली पाणी नाही. मोलेंडिनारला 1870 च्या दशकात बंदिस्त गटारात घातले, आणि पुलाखालून विशार्ट स्ट्रीट नावाचा रस्ता वाहनांसह वाहतो. लोखंडी फाटकांवर मर्चंट्स हाऊसचे चिन्ह आहे: पृथ्वीगोलावर शिडे फुगवून उभे असलेले जहाज, आणि पुनःपुन्हा त्याच जागी परतणाऱ्यांविषयीचे लॅटिन बोधवाक्य. गलबत माल घेऊन सुखरूप परत यावे, ही व्यापाऱ्याची प्रार्थना त्यांनी जशीच्या तशी उचलून स्मशानाच्या फाटकावर बसवली. ती इथे किती वेगळी वाचली जाईल याचा विचार त्यांनी केला होता की नाही कोण जाणे. मला तरी वाटते, सवयीने लावले असेल.

पूल ओलांडला की वाटा वळणे घेत चढू लागतात. त्या दिवशी पाऊस नव्हता, पण तिथे पाऊस नसतानाही हवेत पाणी असते. चष्म्याच्या काचेवर ते आपोआप जमते. ओल्या गवताचा वास, आणि त्यात मिसळलेला आणखी एक उबट, गोडसर वास, जो आधी मला ओळखूच आला नाही. टेकडीच्या दक्षिणेला टेनंट्सची बिअरची भट्टी आहे आणि तिथे शिजणाऱ्या सातूचा तो वास होता. भट्टीच्या मालक घराण्यातला ह्यू टेनंटही याच टेकडीवर आहे. पश्चिमेला कॅथेड्रलचे हिरवट पडलेले छप्पर दिसते आणि त्याला खेटून रॉयल इन्फर्मरीचे काळवंडलेले प्रचंड धूड, जिथे 1865 मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करून पाहिल्या. देऊळ, इस्पितळ, दारूची भट्टी आणि स्मशान, सगळे एका हाकेच्या अंतरात. शहररचनेचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

आणि सर्वांच्या वर, डोरिक खांबावर, जॉन नॉक्स.

नॉक्सचा पुतळा दफनभूमीच्याही आधीचा, 1825 चा. गंमत ही की त्याची कबर इथे नाहीच, ती एडिंबराला. स्कॉटलंडचा हा धर्मसुधारक 1560 च्या ज्या शिस्तग्रंथाच्या कर्त्यांपैकी एक होता, त्यात दफनाच्या वेळी गाणे नको, पाठ नको, कसलाही समारंभ नको, असे बजावलेले आहे. मेलेल्यांसाठी केलेले अवडंबर त्याला अंधश्रद्धा वाटे. अशा माणसाच्या पायाशी जमलेला पसारा पाहावा! ग्रीक देवळे आहेत, इजिप्ती तळघरे आहेत, गॉथिक मनोरे आहेत. विल्यम रे विल्सन हा पॅलेस्टाइनच्या प्रवासांवर पुस्तके लिहिणारा गृहस्थ. त्याच्यासाठी अष्टकोनी मूरिश धाटणीची छत्री उभारलेली आहे, जी आपल्याकडच्या एखाद्या संस्थानिकाच्या बागेत सहज खपून गेली असती. 1837 च्या इजिप्ती तळघराच्या दारावर उलट्या धरलेल्या मशाली आहेत. थडगे बांधून तयार होईपर्यंत मृतदेह तिथे कुलपात ठेवीत, आणि त्या काळात कुलूप ही शोभेची वस्तू नव्हती. शैलींची ही सरमिसळ काही जाणकारांना बटबटीत वाटते. मला वाटली नाही. ज्यांची घरे, गिरण्या, पेढ्या एकाच काजळीने काळ्या झाल्या होत्या, त्यांना मेल्यावर तरी अथेन्स, कैरो किंवा जेरुसलेम यांपैकी हवे ते निवडता यावे, यात मला एक केविलवाणी हौस दिसते, आणि हौसेला नावे ठेवणे मला जमत नाही.

सगळ्यात अधिक वेळ मी थांबलो तो जॉन हेन्री अलेक्झांडर या नाटकवाल्याच्या थडग्यापाशी. तो थिएटर रॉयलचा चालक होता, नट होता, आणि प्रयोगात मध्येच भूमिका सोडून वादकांवर ओरडणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्याचे थडगे म्हणजे दगडातला रंगमंच आहे: दोन्ही बाजूंना खांब, वर महिरप, आणि दगडी चुण्यांचा पडदा. एवढेच असते तर ते नुसते गोड वाटले असते. परंतु 1849 च्या फेब्रुवारीत त्याच्या नाट्यगृहात आग लागल्याची हाकाटी झाली, आग किरकोळ होती आणि लगेच विझली, तरी वरच्या सज्जातून जिन्याकडे धावलेल्या गर्दीत 65 माणसे चेंगरून मेली. त्यांत स्वस्त तिकिटावर आलेली पोरे पुष्कळ होती. अलेक्झांडर त्या धक्क्यातून सावरला नाही असे सांगतात; तो 1851 मध्ये गेला. हे ठाऊक झाल्यावर त्या दगडी पडद्याच्या चुण्या जवळून पाहिल्या. वालुकाश्माचे थर सुटू लागले होते, खारीच्या पापुद्र्यांसारखे, आणि एका चुणीच्या आत शेवाळ इतके दाट भरले होते की पडदा खालून हिरवा रंगवल्यासारखा दिसत होता. बोट लावले तर दगडाची बारीक रेती बोटाला आली. त्या 65 जणांचा तिथे उल्लेख नाही. असण्याचे कारणही नाही. थडगे त्याचे आहे.

मग चार्ल्स टेनंट. हा भट्टीवाला नव्हे, रसायनवाला. पूर्वी कापड पांढरे करायचे म्हणजे ते क्षारांत उकळायचे, आंबट ताकात भिजवायचे आणि महिनोन् महिने माळावर उन्हात पसरायचे, आणि स्कॉटलंडमध्ये ऊन ही काय भरवशाची गोष्ट! टेनंटने 1799 मध्ये विरंजक भुकटीचे पेटंट घेतले आणि हे काम दिवसांवर आणले. टेकडीच्या उत्तरेला सेंट रोलॉक्सचा त्याचा कारखाना वाढत वाढत त्या काळातला जगातला एक सर्वांत मोठा रसायनांचा कारखाना झाला. धूर वर जावा म्हणून 1842 मध्ये 130 मीटरहून उंच धुराडे उभारले, जे 1922 मध्ये पाडले गेले. टेनंट तेव्हा हयात नव्हता. 1838 मध्येच तो गेला होता. पॅट्रिक पार्कने घडवलेला त्याचा पुतळा खुर्चीत किंचित घसरून बसलेला आहे, दिवसभराच्या कामाने दमलेल्या माणसासारखा, आणि या टेकडीवरच्या ताठ पुतळ्यांत तो एकटाच खरा वाटतो. चेहऱ्याची रेघ न् रेघ मात्र हवेने खाल्ली आहे. ज्याने देशाचे कापड पांढरे केले, त्याच्याच कारखान्याच्या आम्लयुक्त धुराने दशकानुदशके ही टेकडी काळी केली. कोणी मुद्दाम रचले असते तर अतिरेक वाटला असता.

टेनंटचा धूर दगडावर दिसतो. जेम्स युइंगची कमाई दिसत नाही. युइंग हा या दफनभूमीच्या कल्पनेचा प्रमुख पुरस्कर्ता, मर्चंट्स हाऊसचा अध्वर्यू, शहराचा लॉर्ड प्रोव्होस्ट म्हणजे महापौर, आणि 1832 च्या मतदान-सुधारणेनंतर ग्लासगोतून निवडून गेलेला खासदार. त्याचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा. वेस्ट इंडिजच्या व्यापाऱ्यांच्या ग्लासगोतील संघटनेचा तो खंदा कार्यकर्ता होता, आणि ती संघटना गुलामगिरी टिकावी म्हणून झगडत होती. ज्या 1833 साली ही दफनभूमी खुली झाली, त्याच साली गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला आणि भरपाई मिळाली ती मालकांना. युइंगलाही मिळाली. त्याच्या स्मारकाशी उभे राहून हा सगळा मजकूर शोधू गेलात तर मिळणार नाही. शहराने यावर अभ्यास करवून घेतला आणि 2022 च्या मार्चमध्ये ग्लासगोच्या नगरपरिषदेने गुलामांच्या व्यापारातील शहराच्या वाट्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. काहींना हे उकरून काढणे वाटते. परंतु सद्गुणांची यादी दगडावर कोरायला जागा होती, तर उत्पन्नाचे साधन कोरायला का नव्हती, एवढा प्रश्न विचारणे म्हणजे काही थडगे उकरणे नव्हे.

या हिशेबात मेजर मॉन्टीथ कुठे बसवायचे ते मला अजून कळलेले नाही. त्याने यादी लिहिलीच नाही. त्याच्या मुकेपणात विनय असेल, घराण्याचा ताठा असेल, किंवा काम अर्धवट राहिले असेल. पण मोकळी जागा सोडली की लोक ती भरतात. ग्लासगोने ती हत्तीने भरली. आणि ती दंतकथा, खोटी असली तरी, तिथल्या पुष्कळ खऱ्या शिलालेखांपेक्षा एका बाबतीत सरस आहे. पैसा कुठून आला हे ती सरळ सांगते.

सगळीच टेकडी शेटजींची आहे असे मात्र नाही. 1888 मध्ये, पुढे वास्तुरचनाकार म्हणून गाजलेल्या चार्ल्स रेनी मॅकिंटॉशने वयाच्या विशीत अलेक्झांडर मॅकॉल या पोलीस अधिकाऱ्यासाठी केल्टिक क्रूस आखला. मॅकिंटॉशचे वडील पोलीस खात्यात कारकून होते, आणि कुटुंब राहत होते ते या टेकडीच्याच कडेला. ‘वी विली विंकी’ हे बालगीत लिहिणाऱ्या विल्यम मिलरचे स्मारक लोकांनी वर्गणी काढून उभारले. तो स्वतः गरिबीत गेला आणि दुसऱ्या दफनभूमीत आहे. जिप्सींची राणी म्हणवली गेलेली कॉर्लिंडा ली 1900 मध्ये इथे आली. तिच्या दगडावरचा कांस्य मुखवटा चोरांनी नेला, तरी लोक अजून तिथे सुटी नाणी ठेवतात. मर्चंट्स हाऊसने 1966 मध्ये सगळी टेकडी नगरपालिकेकडे सोपवली आणि सोबत 50,000 पौंडही दिले. 2005 पासून फ्रेंड्स ऑफ ग्लासगो नेक्रोपोलिस ही स्वयंसेवकांची संस्था लोकांना विनामूल्य फिरवते आणि मिळालेल्या देणग्या दुरुस्तीला लावते.

त्या टेकडीवर सुमारे 3,500 स्मारके आहेत आणि पुरलेली माणसे सुमारे 50,000. एका थडग्यात घराणेच्या घराणे असते हे धरले, तरी पुष्कळ जण दगडावाचून आहेत. उतारावरचा जो भाग नुसती हिरवळ समजून आपण तुडवतो, तिथेही माणसे आहेत.

उतरताना अशाच एका हिरवळीवर एक बाई आमच्या वाटाड्याची वाट पाहत उभ्या होत्या. ओव्हरकोट, पायात चिखलाचे बूट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. त्यावर आजोबांच्या आजीच्या जागेचा क्रमांक होता. वाटाड्याने आपला नकाशा उघडला, जवळच्या एका नाव असलेल्या थडग्यापासून पावले मोजत आला आणि हात फिरवून म्हणाला, “इथेच कुठेतरी, दोन पावले इकडे-तिकडे.” बाईंना ते पटले नाही. त्यांच्या कागदावर रस्त्याच्या डावीकडे लिहिले होते आणि तो उजवीकडे उभा होता. वाटाड्याचे म्हणणे की रस्ता नंतर सरकला. बाईंचे म्हणणे की रस्ते असे सरकत नसतात, आणि त्याची पावले फार लांब पडतात. पावसाची भुरभुर सुरू झाली तसे आमच्यातले बरेच जण फाटकाकडे निघाले. बाईंनी मात्र पिशवी कोटाच्या आत घातली, वाटाड्याला दंडाला धरून पुन्हा त्या पहिल्या थडग्यापाशी नेले, आणि या वेळी स्वतः मोजायला सुरुवात केली.